पंच क्रमांक एक

लोहा, ६ जुलै २०२५

बेगमबी चाचींना वैजूचा सलाम.

चाची, हे पत्र तुम्हाला मनतशा वाचून दाखवत असेल. मनतशा, एखादं अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाचू नकोस, पुन्हा बघ. मी तीन वेळा नक्कल करून मगच पाकिटात घातलं आहे. फोन का करत नाही ते तुम्हाला कळेल. तुमचा फोन कुणी ऐकतं की नाही, मला माहीत नाही. पण ऐकत असतील असं एकदा मनात आलं की जीभ उचलत नाही.

चार वर्षांत एक ओळ लिहिली नाही. खाजाचाचा गेले तेव्हा मी नांदेडलाच होतो. कब्रस्तानासमोरच्या सायकल दुकानात उभं राहून मयत जाताना पाहिली. हारिसला तुरुंगातून दोन तासांसाठी आणलं होतं. त्यानं अब्बूंना खांदा दिला तेव्हा त्याच्या एका हातात बेडी होती आणि बेडीची दोरी शिपायाच्या हातात. त्यानं मला पाहिलं असावं. मी एका सायकलची चेन बघत बसलो.

चाचांनी मला दुकानात बाइंडिंग शिकवलं. बारावीला इंग्रजीत नापास होऊन घरी बसलो होतो, तेव्हा माझं अक्षर पाहून म्हणाले होते, "रजिस्टरांच्या पाठीवर नावं तू घाल बेटा. हारिसचं अक्षर म्हणजे कोंबडीचा नाच." सहा वर्षं मी तुमच्या घरात दुपारचं जेवलो. आणि मयतीला रस्ता ओलांडला नाही.

लिहायचं कारण असं की काल समन्स मिळालं. २१ ऑगस्टला नांदेडच्या विशेष कोर्टात माझी साक्ष आहे. तुमच्या घराची झडती झाली तेव्हाच्या पंचनाम्यावर माझी सही आहे, म्हणून. दुसरा पंच तो भंगारवाला होता, तो हैदराबादकडे निघून गेला, त्याला समन्स लागलंच नाही. म्हणजे आता मी एकटाच.

त्या दिवसाबद्दल माफी मागायची आहे. मी बाइंडिंगसाठी खळ आणायला निघालो होतो. चहाच्या गाड्यापाशी वीरभद्र जमादारांनी हाताला धरलं. "ए पोरा, शिकलेला दिसतोस. पंच म्हणून चल." कुठं, कशासाठी, काही सांगितलं नाही. तुमची गल्ली आली, तुमचा जिना आला. पायऱ्यांवर बाहेरून आलेल्या पथकाचे साहेब उभे होते. त्यांनी विचारलं, "ह्या घरातल्या लोकांना ओळखतोस?"

मी म्हणालो, "नाही."

तेवढ्यात तुम्ही दार उघडलं. तुम्ही ते ऐकलं, हे मला माहीत आहे. घरात पाच पोलीस, हारिस भिंतीशी उभा, आणि तुम्ही माझ्यापुढं पाण्याचा तांब्या धरून म्हणालात, "भाऊ, पानी होना क्या?" सहा वर्षांत तुम्ही मला कधी भाऊ म्हणाला नव्हता. तेव्हा मला वाटलं की तुम्ही मला टाकलंत. फार दिवस तसंच वाटत राहिलं.

त्या कागदावर जे आहे ते मी पाहिलेलंच आहे. कोर्टात खरं तेच सांगेन. तुमचे गुडघे कसे आहेत?

वैजू

लोहा, २० जुलै २०२५

चाची, सलाम.

मनतशाचं पत्र पोचलं. दोनच ओळी. "अम्मी विचारते, जेवतोस का वेळेवर. मी विचारते, घरातून तीन वस्तू नेल्या, कोर्टात सहा कशा?"

पहिल्या ओळीचं उत्तर, हो. प्रेसमध्ये डबा नेतो. इथं लग्नपत्रिका छापतात आणि मी त्या तपासतो. नवऱ्या मुलाच्या आजोबांच्या नावापुढं 'कै.' लागायचं राहिलं किंवा जिवंत माणसाला लागलं, की भांडणं होतात, म्हणून मालकांनी मला ठेवून घेतलं आहे.

आता दुसऱ्या ओळीचं उत्तर. मागच्या पत्रात लिहिलं होतं की कागदावर जे आहे ते मी पाहिलेलं आहे. ते खोटं होतं.

झडतीत मिळालेली वस्तू पाकिटात घालतात, वर लाख लावतात, आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवतात. सह्या असल्या की पाकीट मधे कुणी उघडलं नाही असं धरलं जातं. हारिसच्या खोलीतून तीनच वस्तू निघाल्या. त्याचा मोबाइल. त्याची वही. आणि उर्दू मासिकांचा गठ्ठा, जो मशिदीच्या वाचनालयानं बाइंडिंगला दिला होता आणि ज्याला मीच आदल्या दिवशी दोरा घातला होता. तो गठ्ठा साहेबांनी उचलला तेव्हा "हे गिऱ्हाइकाचं आहे" एवढं वाक्य माझ्या तोंडात होतं. पण ते बोललो असतो तर मला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं असतं. मी तर कुणाला ओळखत नव्हतो.

पंचनाम्याच्या कागदावर न वाचता आणि तीन चिठ्ठ्यांवर सही केली. मग जमादारांनी आणखी तीन कोऱ्या पुढं सरकवल्या. म्हणाले, "ह्यांच्यावरबी कर. लाख सांडती, चिठ्ठी खराब होती. मग तुला पुन्हा कुठं हुडकत बसू?"

मला त्या जास्तीच्या आहेत हे कळलं होतं. लग्नपत्रिकेतला एक जादा ठिपकासुद्धा मला दिसतो. तरी मी तिन्हींवर सही केली, आणि ती करताना वळणदार केली. का, तर साहेब शेजारी उभे राहून म्हणाले होते, "अक्षर सुंदर आहे रे तुझं." चाची, एवढ्या भीतीतही मला ते बरं वाटलं.

पाच-सहा महिन्यांनी दोषारोपपत्राची बातमी पेपरात आली. त्यात एक पेन ड्राइव्ह होता, बंदी घातलेल्या संघटनेचं एक पुस्तक होतं, आणि रेल्वे स्टेशनचा हातानं काढलेला नकाशा होता. ह्या तीन वस्तू मी कधी पाहिल्या नाहीत. पण त्यांच्यावर माझी सही आहे.

त्याच तीन वस्तूंमुळे हारिसचा जामीन दोनदा नाकारला. त्याला लावलेल्या ह्या दहशतवादविरोधी कायद्यात जामीन मागताना पुरावा खरा की खोटा हे कुणी तपासत नाही. वरवर बघून खरा वाटला की पुरे. आणि वरवर बघायला माझी सही फार चांगली आहे.

मनतशा, हे सगळं अम्मींना सांग. मऊ करून सांगू नकोस.

वैजू

लोहा, ३ ऑगस्ट २०२५

चाची,

काल वीरभद्र जमादार प्रेसमध्ये आले. साध्या कपड्यांत. पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापायची म्हणाले, आणि खरंच मजकूर घेऊन आले होते. मी तपासायला घेतला तर शेजारी स्टूल ओढून बसले.

"काय वैजनाथ, साक्षीचं पाठ झालं का?"

"जे पाहिलं ते सांगायचं, त्यात पाठ काय करायचं जमादार?"

"आसं कसं. चार वर्षांत माणूस इसरतो." त्यांनी पंचनाम्याची झेरॉक्स पुढं ठेवली. "हे वाच. सरकारी वकील इचारतील, मजकूर बरोबर हाय का? तू म्हणायचं, हाव, बरोबर हाय. झालं. दुपारच्या गाडीनं परत."

मी विचारलं, "आणि नाही म्हणालो तर?"

ते हसले. "तर फितूर. फितूर साक्षीदाराला जेवाय बोलवत न्हाईत बाबा. साक्षीदाराचा आरोपी व्हायला किती येळ लागतो, तू शिकलेला हायस, तुला म्या काय सांगू." मग पत्रिकेकडे बोट दाखवून म्हणाले, "आमच्या वैनीचं नाव उमाबाई लिव्ह, उमादेवी नको. साध्या लोकायचं साधं बरं असतंय."

माणूस वाईट नाही. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "माझी दोन वर्षं राहिली रिटायरला. मला तरी कशाला घोळात घेऊन राहिलास?"

घरी आईला सांगितलं. ती तूर निवडत होती. हात थांबवला नाही.

"त्या तुरकाच्या पोरापायी तू जेलात जाणार का?"

"आई, त्याच्या आईच्या हातचं तू पण खाल्लं आहेस. ईदचा डबा यायचा."

"खाल्लाय की. न्हाई कुठं म्हणते? लई चांगली बाई." तिनं सुपातला एक खडा बाजूला टाकला. "चांगल्या मानसाचंच वाटोळं होतंय, म्हणून तर म्हणते. तू चांगला होऊ नको रं बाळा. एवढं ऐक माझं."

चाची, तुमच्यापासून काय लपवू. काल मी ठरवलं होतं की हाव म्हणायचं आणि दुपारच्या गाडीनं परत यायचं. आज सकाळी ठरवलं की नाही म्हणायचं. आता हे लिहिताना काहीच ठरलेलं नाही. मला ज्या गोष्टीची भीती वाटते ती एकच. मी चिठ्ठ्यांचं खरं सांगितलं की ते विचारतील, चार वर्षं का गप्प बसलास, आरोपी तुझा कोण? मग ते "ओळखत नाही" बाहेर येणार. मित्र म्हटल्यावर माझ्या शब्दाला किंमत राहणार नाही, असं मला वाटतं. कुणाला विचारू? वकिलाकडे गेलो तर जमादारांना त्याच दिवशी कळेल.

वैजू

लोहा, १३ ऑगस्ट २०२५

चाची,

मनतशानं तुमचं बोलणं जसंच्या तसं लिहून पाठवलं, तुमच्या बोलीत. वाचताना तुमचा आवाज ऐकू आला.

"वैजू बेटा, चिठ्ठीयां का सच बोल दे. लेकिन हारिस कू पैचानता करके मत बोल. उस दिन मैंच तेरे कू भाऊ बोली, कायकू? तेरा नाम हमारे घर से नक्को जुडना करके. एक बेटा ले गए, दूसरा कायकू देऊं? अब्बी भी वैसाच बोल. पराया आदमी सच बोला तो जज साब मानते."

मी ते कितीदा वाचलं ते सांगत नाही.

म्हणजे तुम्ही मला टाकलं नव्हतं. दारात उभ्या उभ्या, पाच पोलिसांच्या देखत, हातात तांब्या धरून तुम्ही एवढा विचार केला होता. आणि मी चार वर्षं मनात तुमच्यावर रुसून होतो.

तुम्ही सांगता तसं करेन. चिठ्ठ्यांचं खरं सांगेन आणि हारिसला ओळखत नाही म्हणेन. हे ठरल्यावर मला हलकं वाटलं. हलकं वाटलं ह्याची लाजही वाटली, तीही लिहून ठेवतो. कारण जे तुम्ही मायेनं सांगितलंत, ते मला भीतीनंही तसंच करायचं होतं.

वैजू

लोहा, २२ ऑगस्ट २०२५

चाची, सलाम.

काल साक्ष झाली. तुमचे गुडघे चढू देत नाहीत म्हणून तुम्ही आला नाहीत ते एका अर्थी बरं झालं. सगळं क्रमानं लिहितो.

सकाळच्या एसटीनं गेलो. कोर्टात साडेअकराला पुकारा झाला. हारिस मागच्या बाजूला लाकडी कठड्याच्या आत उभा होता. केस पुढून गेले आहेत त्याचे, चाची. चष्मा लागला आहे. मी एकदाच पाहिलं.

शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, "समोरच्या आरोपीला ओळखता का?"

मी म्हणालो, "नाही. ओळखत नाही."

हारिस माझ्यापासून दहा पावलांवर होता. त्यानं मान खाली घातली.

मग त्यांनी पंचनामा दाखवला, सही दाखवली. मी म्हणालो, सही माझी आहे, पण माझ्यासमोर तीनच वस्तू जप्त झाल्या. बाकी तीन चिठ्ठ्यांवर कोऱ्याच असताना सही घेतली. न्यायाधीशांनी लिहिणाऱ्या बाईंना ते शब्द हळूहळू सांगितले आणि त्यांनी टाइप केले. मागे बाकावर वीरभद्र जमादार होते, ते छताकडे बघत राहिले. हारिसचे वकील आनंदराज सर पुढं झुकून बसले. चाची, ती दोन-तीन मिनिटं मला वाटलं, झालं. आता तो सुटेल.

सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवायची परवानगी मागितली आणि उलट प्रश्न सुरू केले.

"आरोपीला ओळखत नाही म्हणालात. नक्की?"

"नक्की."

त्यांनी एक कागद काढला. हारिसच्या मोबाइलमधल्या नावांची यादी. "हा नंबर कुणाचा?"

माझा होता.

"आरोपीनं हा नंबर कोणत्या नावानं ठेवला होता, वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. "वैजू शुद्धलेखन."

कोर्टात लोक हसले. एक शिपाईसुद्धा हसला. हारिस मला चिडवायचा, तुम्हाला आठवत असेल, चहाच्या दुकानाची पाटी चुकीची असली की मी चहा पीत नाही म्हणून. त्यानं तेच नाव फोनमध्ये ठेवलं होतं हे मला ठाऊक नव्हतं.

"अटकेआधीच्या दोन महिन्यांत ह्या नंबरवर एकशे एकेचाळीस फोन. अनोळखी माणसाला?"

मी यादी खाली ठेवली. मग म्हणालो, "तो माझा मित्र आहे."

"म्हणजे पाच मिनिटांपूर्वी शपथेवर खोटं बोललात?"

"हो."

"मित्राला वाचवायला खोटं बोललात. मग तीन वस्तूंची गोष्टही तशीच."

"ती खरी आहे साहेब. तीच एक खरी आहे."

ते न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही."

चाची, त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. झडतीच्या आधी आठ दिवस पथकाचे लोक दुकानासमोरच्या रसवंतीवर बसून होते. मीच त्यांच्याशेजारी बसून रस प्यायलो आहे, आता चेहरे आठवतात. जमादारांनी मला गाड्यावरून सहज उचललं नव्हतं. घाबरलेला मित्र हाताशी असावा म्हणून निवडलं होतं.

मनतशा, ह्यापुढचा मजकूर, मी समासात रेघ ओढली आहे तिथपर्यंत, अम्मींना वाचून दाखवू नकोस.

बाहेर व्हरांड्यात आनंदराज सर भेटले. रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "अहो, पहिल्याच प्रश्नाला 'हो, मित्र आहे' म्हणाला असतात तर त्यांच्याकडे बोलायला काही उरलं नसतं. आरोपीच्या दुकानात काम करणाऱ्या मित्रालाच त्यांनी पंच केलं आणि कागदावर लिहिलं, पंच आरोपीस ओळखत नाहीत. अख्खा पंचनामा तिथंच पडला असता. तुमची मैत्री हाच आपला सगळ्यात मोठा पुरावा होता. तुम्ही तो आधी स्वतःच नाकारलात."

मनतशा, अम्मींनी मला जे सांगितलं ते त्यांना कधी चुकलं असं वाटू देऊ नकोस. त्यांनी सांगितलं नसतं तरी मी तेच म्हणालो असतो. पायऱ्यांवर मला कुणी सांगितलं होतं?

रेघ इथं संपली. चाची, पुढं ऐका.

हारिसला खाली नेत होते. जिन्याच्या वळणावर मी उभा होतो. शिपायानं बाजूला हो म्हटलं, पण हारिस थांबला. चार वर्षांनी माझ्याशी बोलला.

"अबे वैजू. सगळ्यांसमोर मित्र म्हणालास. आता तुझं लग्न कसं जमायचं?"

मला हसताही येईना. मी म्हणालो, "हारिस, मी सगळं घाण केलं."

"हाव, केलंस," तो म्हणाला. "पण आज निदान नाव घेतलंस. अब्बूच्या मयतीला तर सायकल रिपेर करून राहिला होतास."

म्हणजे त्यानं पाहिलं होतं. शिपायानं दोरी ओढली आणि तो गेला.

पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची आहे. जामिनाचा अर्ज पुन्हा करतील, पण आनंदराज सर फार आशा दाखवत नाहीत. मला पुन्हा साक्षीला बोलवावं असा अर्ज ते देणार आहेत. त्यासोबत मी प्रतिज्ञापत्र द्यायचं, पायऱ्यांपासून काल दुपारपर्यंत सगळं, मी कुठं कुठं खोटं बोललो त्यासकट. खोट्या साक्षीबद्दल माझ्यावर खटला होऊ शकतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी ते दोन्ही वेळा ऐकलं. प्रेसच्या मालकांनी आज सकाळीच सांगितलं की सोमवारपासून येऊ नकोस. जमादारांची पत्रिका मात्र मी तपासून दिली, एकही चूक नाही.

प्रतिज्ञापत्रात तुमचंही नाव येईल. तुम्ही मला अनोळखी म्हणून भाऊ म्हणालात, हे लिहिल्याशिवाय त्या दिवशीचं खरं पूर्ण होत नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय ते लिहायचा मला हक्क नाही, आणि हे पत्रानं विचारायची गोष्ट नाही.

म्हणून सोमवारी पुन्हा नांदेडला येतो आहे. दिवसाढवळ्या, अकराच्या सुमारास, गल्लीच्या तोंडापासून चालत. तुमच्या गल्लीत अजून शिपाई येऊन कोण आलं गेलं विचारतो, असं मनतशानं लिहिलं होतं. विचारू दे. दारात आल्यावर तुम्ही मला ओळखलं नाहीत तरी चालेल, चाची, तुमचा तो हक्क आहे. मी मात्र शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगणार आहे की मी वैजनाथ, लोह्याचा, हारिसचा दोस्त, आणि मी बेगमबी चाचींकडे आलो आहे.

वैजू